साक्ष देणारा व्यापारी

घटना लिहिण्याचा भार एकट्या बाबासाहेबांवर पडला, ही साक्ष आपण दर २६ नोव्हेंबरला भाषणांतून ऐकतो. ती दिली कोणी, असे विचारले तर मुले गप्प बसतात. खरे सांगायचे तर मोठेही.

ते टी. टी. कृष्णम्माचारी. मद्रासचे ब्राह्मण व्यापारी. १९२८ साली त्यांनी पेढी काढली. कंपन्यांचा माल दुकानोदुकानी पोहोचवणे हा धंदा. पुढे राजकारणात आले, घटना समितीवर गेले. तिथे ५ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी मसुदा समितीच्या सात जणांचा हिशेब मांडला, खातेवही उघडावी तसा. एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक राज्यकारभारात गुंतलेले, एक-दोघे दिल्लीपासून दूर. उरले बाबासाहेब! आपल्या बाजूच्या माणसाने हे सांगितले असते, तर किती जणांनी मानले असते?

१९५२ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, ते केंद्रात व्यापार-उद्योगमंत्री झाले, मग अर्थमंत्री. १९५७ मध्ये या व्यापाऱ्यानेच श्रीमंतांवर संपत्ती कर बसवला. पण त्याच वर्षी आयुर्विमा महामंडळाने मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर घेतले. पैसा विमा उतरवणाऱ्या साध्या माणसांचा. न्या. छागलांच्या चौकशीनंतर १९५८ मध्ये त्यांना पद सोडावे लागले, आणि ते योग्यच झाले. १९६३ मध्ये ते पुन्हा अर्थमंत्री झाले. १९७४ मध्ये वारले.

त्यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९९चा. घटना स्वीकारली गेली, त्या दिवशी त्यांना पन्नास वर्षे पूर्ण झाली होती.