पीटी कापला, पण कुठल्या राज्याचा?

पहिल्या नोकरीची पहिली सॅलरी स्लिप आली की आपण फक्त शेवटचा आकडा बघतो. इन हँड किती? पार्टी कुठे? मधल्या ओळी कुणी वाचत नाही. पीएफ निदान ऐकून माहीत असतो. त्याच्या खाली 'प्रोफेशनल टॅक्स २००' अशी एक बारीक ओळ असते. दोनशेच तर आहेत, म्हणून आपण ती सोडून देतो. माझं म्हणणं आहे की नेमकं याच ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, हे दोनशे कुठल्या राज्याच्या तिजोरीत गेले?

कारण प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर, हा दिल्लीत बसलेल्या केंद्र सरकारचा नसून राज्याचा कर आहे. घटनेच्या कलम २७६ नुसार राज्याला एका माणसाकडून वर्षाला २५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. (१९८८ च्या घटनादुरुस्तीआधी ही मर्यादा फक्त २५० होती.) त्या मर्यादेच्या आत प्रत्येक राज्याचं गणित वेगळं. महाराष्ट्रात महिन्याला १०,००० च्या वर पगार असलेल्या मुलाचे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात. मुलींना मात्र एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. तेलंगणात २०,००० च्या वर गेलात की २००, मुलगा असो वा मुलगी. कर्नाटकात पगार २५,००० च्या खाली असेल तर शून्य. हरियाणा, दिल्ली, उत्तर प्रदेशात हा करच नाही.

आता यात वर्क फ्रॉम होम मिसळा.

माझी एक मैत्रीण नागपुरात आपल्या घरी बसून हैदराबादच्या एका कंपनीचं काम करते. पगार २२,०००. दर महिन्याला तिचे २०० रुपये कापले जात होते, तेलंगणाच्या नावाने. महाराष्ट्राच्या नियमाने तिच्याकडून एक रुपयाही जायला नको होता. वर्षाचे होतात २४०० रुपये. तिने एचआरला विचारलं तर उत्तर आलं, "सिस्टीम ऑटोमॅटिक घेते." सिस्टीम काहीही आपोआप घेत नाही हो. पेरोलच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्क लोकेशन' नावाचा एक रकाना असतो. कुणीतरी सगळ्यांच्या नावापुढे हेड ऑफिसचं शहर निवडून मोकळं झालेलं असतं.

उलटंही होतं. समजा, मुंबईच्या कंपनीने एका मुलाला बंगळुरूला कामाला ठेवलं, पगार तोच २२,०००. सॉफ्टवेअरमध्ये मुंबई राहिली तर त्याचे वर्षाला २५०० जाणार, खरं तर कर्नाटकात त्याला काहीच लागत नाही. गुरुग्रामला बसलेल्या आणि पुण्याहून पगार घेणाऱ्याचं तर बोलायलाच नको.

हा कर हेड ऑफिस कुठे आहे यावर ठरत नाही, तुम्ही नोकरी कुठे करता यावर ठरतो. आपल्याकडचा कायदा १९७५ चा आहे. तेव्हा ऑफिस एकीकडे आणि खुर्ची दुसऱ्याच राज्यात असं काही कुणाच्या डोक्यात नव्हतं, त्यामुळे "तुम्ही हैदराबाद ब्रँचला रिपोर्ट करता" असं म्हणून कंपन्या वाद घालू शकतात. मला तो वाद पटत नाही. लॅपटॉप नागपुरात, वीजबिल नागपुरातलं, काम नागपुरात. मग नोकरी हैदराबादला कशी?

आता दुरुस्ती. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, जी कॉलेजात कुणी सांगत नाही. इन्कम टॅक्स जास्त कापला गेला तर आपण स्वतः रिटर्न भरून परत मागू शकतो. व्यवसाय कराचं तसं नाही. नोकरदार माणूस त्याचं रिटर्न भरतच नाही, कंपनी सगळ्यांचं मिळून एकत्र भरते. महाराष्ट्राच्या त्या फॉर्ममध्ये तर कुठल्या टप्प्यात किती कर्मचारी एवढाच आकडा असतो, नावं नसतात. म्हणजे सरकारला तुम्ही दिसतच नाही. तुमच्या वतीने चूक सुधारू शकेल अशी एकच जागा आहे, ती म्हणजे तुमची कंपनी.

अमेरिकेत मास्टर्स करून तिथेच नोकरीला लागलेल्या सिनिअर्सना विचारा. तिथे राज्यांचा स्वतःचा इन्कम टॅक्स असतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कमध्ये तो चांगलाच भरावा लागतो, टेक्सास, फ्लोरिडात पगारावर असा कर नाही. राज्य चुकलं तर कंपनीने वर्षाअखेरचा डब्ल्यू-२ फॉर्म सुधारून द्यायचा असतो, आणि कर्मचारी त्या चुकीच्या राज्यात 'मी इथला नाही' असं रिटर्न भरून पैसे परत मागू शकतो. कटकट मोठी आहे, पण दार आहे. आपल्याकडे ते दार कंपनीच्या केबिनमध्ये आहे.

म्हणूनच "आधी तेलंगणाकडून रिफंड येऊ दे, मग देतो" हे उत्तर मान्य करू नका. चूक कंपनीची, तर कर्मचाऱ्याचे पैसे पुढच्या पगारात परत मिळाले पाहिजेत. त्या राज्याकडे पाठपुरावा कंपनीने आपल्या वेळेने करावा. योग्य राज्यात उशिरा कर भरल्याचं व्याज बसलं तर तेही कंपनीनेच सोसावं. महाराष्ट्राचा कायदा तर स्पष्ट म्हणतो की पगारातून कापला असो वा नसो, कर भरण्याची जबाबदारी मालकाची.

"दोनशे रुपयांसाठी एचआरशी पंगा?" असं आमच्याच ग्रुपवर एकाने लिहिलं. २२,००० पगारात २४०० म्हणजे बऱ्याच जणांची एका महिन्याची मेस. आणि ज्या मुलींसाठी राज्याने सूट दिली, त्यांच्यापर्यंत ती एका चुकीच्या रकान्यामुळे पोहोचत नसेल तर ती सूट कागदावरच.

शिवाय मी या कराच्या विरोधात अजिबात नाही. महाराष्ट्रात तो आला १९७५ मध्ये, १९७२ च्या दुष्काळानंतर, रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या हाताला काम मिळावं म्हणून द्यायचे पैसे, अशी ती कल्पना. जितके गोळा होतील तितकेच राज्य सरकारने वर घालायचे. पुढे २००५ मध्ये केंद्राने केलेला रोजगार हमीचा कायदा याच वाटेने आला. कोल्हापुरात बसून ४०,००० कमावणाऱ्या मुलाचे पैसे कर्नाटकात गेले तर त्याच्या खिशाला फारसा फरक पडत नाही, दोन्हीकडे २५०० च. फरक त्या योजनेला पडतो. त्यामुळे त्यानेही मेल टाकावी.

मेल छोटी पुरे. मी अमुक तारखेपासून अमुक शहरातून काम करते, सोबत ऑफर लेटर आणि पत्त्याचा पुरावा. स्लिपवर व्यवसाय कर कुठल्या राज्याचा आहे ते कळवा. चुकीचा असेल तर वर्क लोकेशन बदला आणि आतापर्यंतची रक्कम पुढच्या स्लिपमध्ये वेगळ्या ओळीत परत दाखवा. फोनवर बोलू नका, लेखीच विचारा. ऑफर लेटरमध्ये कामाचं ठिकाण लिहिलेलं नसेल तर सही करण्याआधीच लिहून मागा. माझ्या मैत्रिणीला तीन मेल आणि दोन महिने लागले. मार्चचा पगार निघायच्या आत हे उरकलेलं बरं, कारण तोवर त्याच वर्षाच्या हिशोबात वळतं करता येतं. एप्रिलमध्ये विचारलंत तर "मागच्या वर्षाचं बंद झालं" हे वाक्य एचआरकडे तयारच असतं.