हिरव्या पाण्याचा हिशेब

परसातील लहानशा तळ्याचे पाणी चैत्र-वैशाखात हिरवे झाले, की वडीलधारी मंडळी दोनच उपाय सुचवितात. कोणी म्हणते, मोरचूद टाका. कोणी म्हणते, तळे उपसून नव्या पाण्याने भरा. पीपलरावांसारख्या गावात, जेथे शेवाळाला 'काई' म्हणतात, तेथे तर हे उपाय कोणी विचारण्यापूर्वीच सांगितले जातात. माझ्या मते दोन्ही उपाय महागडे आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. मी कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राच्या अधिकाराने बोलत नाही. परंतु हा प्रश्न मुख्यतः जमाखर्चाचा आहे, आणि जमाखर्च कोणत्याही शाखेच्या माणसास कळावा.

प्रथम उपशाविषयी. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट खोल अशा तळ्यात सुमारे ५,१०० लिटर पाणी मावते. ज्या देवासला १९९० साली इंदूरहून आगगाडीने पाणी आणावे लागले, आणि ज्या जिल्ह्यात २००६ पासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीत हजारो तळी खोदली, तेथे केवळ रंग आवडला नाही म्हणून एवढे पाणी ओतून द्यावे काय? शिवाय तळाचा गाळ तसाच राहिला, तर नवे पाणीही थोड्याच दिवसांत हिरवे होते.

मोरचुदाने शेवाळ मरते, हे खरे. पण मेलेले शेवाळ कुजू लागते, कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. मोरचुदातील तांबे नाश पावत नाही. ते गाळात साठत जाते. आणि एवढ्याशा तळ्यास लागणारी मात्रा काही ग्रॅमांची. ती घरच्या चमच्याने अचूक कोण मोजणार?

शेवाळास ऊन, संथ पाणी आणि अन्न लागते. त्या अन्नात खरी किल्ली स्फुरदाची. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९७३ साली डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सरोवराच्या मध्यावर प्लास्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कर्ब व नत्र घातले. दुसऱ्यात तेच, आणि वर स्फुरद. हा दुसरा भाग तेवढा हिरवागार झाला. एका ग्रॅम स्फुरदातून सुमारे शंभर ग्रॅम सुके शेवाळ निपजू शकते. आता आपल्या परसाकडे पाहा. डीएपी खतात शेकडा ४६ भाग फॉस्फेट असते. त्याचे रिकामे पोते आपण तळ्याकाठी झटकतो. गोठ्याचा ओघळ, भांड्यांचे खरकटे पाणी, माशांना कौतुकाने टाकलेली कणीक, सारे जमेच्या बाजूस. कोल्हापूरच्या रंकाळ्यात सांडपाणी शिरून पाणी हिरवे झाले, तोही याच वहीतला मोठा आकडा.

मी कोकणी बोलणाऱ्या घरातला. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो; तळी ओसंडतात आणि पुष्कळशी घाण आपोआप वाहून जाते. देवासकडे पाऊस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. येथे तळ्यात आलेले तळ्यातच राहते, म्हणून खर्चाची बाजू माणसानेच लिहावी लागते.

ती लिहिण्यास पैसा जवळजवळ लागत नाही. गोठ्याच्या बाजूस वीतभर उंचीचा मातीचा बांध घालावा. मासे पाच मिनिटांत संपवतील तेवढेच खाणे टाकावे. तंतूंचे शेवाळ खडबडीत काठीला गुंडाळून ओढून काढावे, आतले जीव पाण्यात परतावेत म्हणून घटकाभर काठावर ठेवावे आणि मग खतखड्ड्यात टाकावे. त्याच्यासोबत स्फुरदही बाहेर जाते. कोणत्याही औषधाने हे साधत नाही. गाळ काढाल तो भाजीच्या वाफ्यात घाला.

ऊन अडविण्यास शिंगाड्याचा वेल उत्तम. पाने पाण्यावर पसरतात आणि दिवाळीच्या सुमारास फळही मिळते. मात्र तो पावसाळी सोबती. उन्हाळ्यात अर्ध्या तळ्यावर जुनी साडी ताणून बांधावी. शेजारी हसतील, हसोत! जलपर्णी मात्र आणू नये. ती स्फुरद शोषते खरी, पण एकदा ओढ्यात गेली की गावभर पसरते. इंग्लंडात जवाचा पेंढा पाण्यात सोडण्याची रीत आहे. तो जुने शेवाळ मारीत नाही, नवे वाढू देत नाही असे म्हणतात. परिणाम सर्वत्र सारखा दिसत नसल्याने माझा त्यावर बेताचाच विश्वास आहे.

दगडांवरचा पातळ हिरवा थर मात्र खरवडू नये. गोगलगाई व बेडकांची पिले त्यावर जगतात आणि दिवसा तोच पाण्यात प्राणवायू सोडतो.

विद्यार्थिमित्रांनी एवढे करावे. डब्याचे पांढरे झाकण घ्यावे, त्यास दगड व दोरी बांधावी आणि दर रविवारी दुपारी ते पाण्यात सोडून किती खोलीवर दिसेनासे होते ते वहीत टिपावे. इटलीतील अँजेलो सेक्की या धर्मगुरूने १८६५ साली समुद्राची पारदर्शकता अशीच पांढरी तबकडी बुडवून मोजली होती. वीतभर खोलीवरच झाकण दिसेनासे झाले, तर त्या आठवड्यात माशांचे खाणे निम्मे करावे आणि गोठ्याचा बांध कोठे फुटला आहे काय ते पाहावे. ते तळापर्यंत दिसले, तर तळ्यास हात लावू नये.