शेतीपंपाचे बिल शून्य, पण अंघोळीच्या पाण्याचे काय? छतावरील सौर पॅनेल आणि घरातील उष्णतेचा हिशोब

राज्यात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज मिळते आहे. त्यामुळे अनेक शेतकरी कुटुंबांत आता विजेचे एकच बिल चर्चेत असते, ते म्हणजे घरचे. थंडी सुरू झाली की हे बिल वाढते. आपल्याकडे खोल्या गरम कराव्या लागत नाहीत. आपला उष्णतेचा खर्च म्हणजे प्रामुख्याने पाणी तापवण्याचा खर्च. निफाडसारख्या भागात पारा एक आकडी होतो, तेव्हा तो आणखी जाणवतो. घरच्या अंघोळी, धुणी-भांडी आणि जिथे दोन-चार जनावरे आहेत तिथे दुधाच्या किटल्या धुण्यासाठीही गरम पाणी लागते.

अशा वेळी प्रश्न येतो, सौर पॅनेल बसवून हा खर्च कमी होईल का? उत्तर 'हो' असेच आहे. मात्र किती किलोवॅट बसवायचे आणि सौर बंब घ्यायचा की नाही, हे आकडेमोड करूनच ठरवावे.

पाणी तापवायला किती वीज लागते?

१०० लिटर पाण्याचे तापमान ३० अंशांनी वाढवायला सुमारे ३.५ युनिट वीज लागते. पाच माणसांच्या घरात थंडीत एवढे पाणी सहज लागते. म्हणजे महिन्याला साधारण १०५ युनिट केवळ गरम पाण्याचे. गॅस गिझर वापरला, तर याच कामाला रोज अंदाजे ३५० ग्रॅम गॅस जळतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे अंघोळीसाठीच एक सिलिंडर सुमारे ४० दिवसांत संपतो.

विजेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याने वाढतो. पहिल्या १०० युनिटपेक्षा १०१ ते ३०० युनिटचा दर जवळपास दुप्पट पडतो. एरवी ९० युनिट वापरणाऱ्या घराने गिझर लावला की त्याची जवळजवळ सगळी जादा वीज महागड्या टप्प्यात जाते. उदाहरणासाठी १० रुपये युनिट धरले, तरी महिन्याला हजार रुपयांची भर पडते.

योजना नेमके काय देते?

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातील १ कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असे तिचे स्वरूप आहे. मुदत आर्थिक वर्ष २०२६-२७ पर्यंत आहे. अनुदान असे मिळते:

- पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये
- तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये
- ३ किलोवॅट व त्यापुढे कितीही मोठी यंत्रणा असली तरी एकूण ७८,००० रुपये

याशिवाय महिन्याला १०० युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्या आणि दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांना १ किलोवॅटसाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये जादा अनुदान मंजूर केले आहे. सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील जीएसटीही १२ वरून ५ टक्के झाला आहे.

'३०० युनिट मोफत' या शब्दांमुळे गैरसमज होतो. ही वीज कोणी फुकट देत नाही. आपल्या छतावर जेवढी तयार होईल तेवढीच बिलातून वजा होते. आपल्याकडे १ किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट देते. बिल पूर्ण वजा झाले, तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

पॅनेल की सौर बंब?

वरचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. गरम पाण्याला रोज ३.५ युनिट लागतात आणि १ किलोवॅटचे पॅनेल देते सुमारे ४ युनिट. म्हणजे पाणी विजेवर तापवायचे असेल, तर एक अख्खा किलोवॅट त्यातच खर्ची पडतो. हेच काम १०० लिटरचा सौर बंब सुमारे २ चौरस मीटर जागेत करतो. कारण बंब उन्हाची उष्णता थेट पाण्यात घेतो. पॅनेल मात्र उन्हातील साधारण पाचव्या हिश्श्याचीच वीज बनवते, मग त्या विजेची पुन्हा उष्णता करायची.

तरीही बंबच घ्यावा असे सरसकट सांगता येत नाही, कारण अनुदानाने गणित बदलले आहे. बंबाला केंद्राचे अनुदान मिळत नाही. १०० लिटरच्या बंबाला साधारण २० हजार रुपये धरू आणि पॅनेलचा खर्च पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ५० हजार, तर तिसऱ्यासाठी ४५ हजार रुपये धरू.

*लहान घर (इतर वापर महिन्याला ९० युनिट):* २ किलोवॅट पॅनेल आणि विजेचा गिझर घेतला, तर अनुदान वजा जाता खिशातून ४० हजार जातात (गिझरची किंमत वेगळी). १ किलोवॅट पॅनेल आणि सौर बंब घेतला, तरी २० अधिक २० असे ४० हजारच. खर्च जवळपास सारखा आहे. इथे निर्णय छत, पाणी आणि सोय पाहून घ्यावा.

*मोठे घर (इतर वापर महिन्याला २०० युनिट):* या घराला गरम पाणी धरून ३ किलोवॅट लागतात. तिसऱ्या किलोवॅटला खिशातून २७ हजार जातात, कारण तिथे अनुदान घटते. त्याच्या जागी बंब घेतला तर २० हजारांत काम होते.

थोडक्यात, पहिले दोन किलोवॅट पॅनेलचे घ्यावेत आणि गरज त्यापुढे गेली तर तिसऱ्या किलोवॅटऐवजी बंबाचा विचार करावा. स्थानिक दर वेगळे असतील, तर तुमच्या कोटेशनमधील आकडे घालून हाच हिशोब करा. १ किलोवॅटची छोटी यंत्रणा बाजारात प्रति किलोवॅट महाग पडते, हेही लक्षात घ्या.

एप्रिल ते मार्चचे चक्र आपल्या फायद्याचे

नेट मीटरिंगमध्ये जादा तयार झालेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात. हिशोब आर्थिक वर्षअखेर, म्हणजे ३१ मार्चला मिटतो. हे चक्र आपल्याला सोयीचे आहे. एप्रिल-मेच्या कडक उन्हात निर्मिती भरपूर आणि गरम पाण्याची गरज कमी असते. तेव्हा जमलेले युनिट पावसाळ्यात आणि थंडीत गिझरला वापरता येतात. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत बंबाचे पाणी कोमट राहते, तेव्हा ही शिल्लक उपयोगी पडते. मात्र मार्चअखेर उरलेल्या युनिटला आपण महावितरणला देतो त्यापेक्षा बराच कमी दर मिळतो. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवून वीज विकण्याचा बेत करू नये.

घेण्याआधी हे तपासा

- छप्पर: भरलेल्या १०० लिटर टाकीचे वजन शंभर किलोच्या पुढे जाते. ती स्लॅबवरच ठेवावी. पॅनेल मजबूत पत्र्यावर किंवा उंच सांगाड्यावर बसू शकते. शेजारच्या झाडाची सावली डिसेंबरमध्ये कुठवर येते, ते आधी पाहा.
- पाणी: बोअरचे क्षारयुक्त पाणी असेल, तर सपाट तांब्याच्या नळ्यांच्या बंबात क्षार लवकर साचतात. काचेच्या नळ्यांचा बंब त्या मानाने बरा. गारपिटीच्या पट्ट्यात नळ्या फुटण्याचा धोका धरून चाला.
- वीजपुरवठा: बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेली की स्वतःहून बंद होते. लाइनवर काम करणाऱ्याच्या सुरक्षेसाठी ते आवश्यक असते. व्होल्टेज फार खाली-वर होत असेल, तरीही इन्व्हर्टर बंद पडतो. वस्तीवर ही अडचण असेल, तर आधी ट्रान्सफॉर्मरची तक्रार मार्गी लावा.
- जोडणी: हे अनुदान घरगुती जोडणीलाच मिळते. सौर कृषिपंपाची योजना वेगळी आहे. त्या पॅनेलवरून घर चालवायचे गृहीत धरू नका.
- वेळ: स्मार्ट मीटर असेल, तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतील वापरावर दरात सवलत मिळते. टाकीचा गिझर दुपारी तापवून ठेवला, तर संध्याकाळच्या अंघोळी त्यावर होतात.

पऱ्हाटीचाही विचार व्हावा

'आम्ही चुलीवर तापवतो, आम्हाला खर्च नाही,' असे कापूस पट्ट्यात बरेच जण सांगतात. पण त्यासाठी घराशेजारी रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीत गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. पऱ्हाटी साठवू नका, असा सल्ला कृषी विद्यापीठे दरवर्षी देतात. तो पाळला जात नाही, कारण सकाळी बंबाखाली घालायला दुसरे काही नसते. चुलीपुढे धुरात बसणाऱ्या घरच्या बाईचा वेळ आणि तिच्या डोळ्यांना होणारा त्रासही या 'फुकट' पाण्याच्या हिशोबात येत नाही. पऱ्हाटीची कुट्टी करून ती कुजवून शेतात गेली, तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो आणि अळीचा मुक्काम मोडतो.

म्हणून अर्ज करण्याआधी मागच्या बारा महिन्यांची बिले काढा. थंडीतील आणि उन्हाळ्यातील वापराचा फरक पाहा. सिलिंडर आणि सरपण यांचा खर्चही त्यात धरा. घराची खरी गरज कळली की योग्य आकाराची यंत्रणा निवडणे सोपे जाते आणि विक्रेत्याने सुचवलेल्या किलोवॅटवर अवलंबून राहावे लागत नाही.