उभ्या अशोकाची बाजू

वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोड. परभणी ज्या ज्या बाजूला वाढली, तिथे तीस बाय चाळीस नाहीतर तीस बाय पन्नासचे प्लॉट पडले. त्यांवर आधी एकमजली घरं बांधली गेली, मग त्यांवर मजले चढले. वरच्या गॅलरीत उभं राहिलं की शेजारचं अख्खं अंगण दिसतं. आणि अंगण हे मराठवाड्यातल्या घराचं निम्मं घर आहे. कुरडया-पापड तिथेच वाळतात, बाई न्हाऊन केस मोकळे सोडून तिथेच बसते, उकाड्याच्या रात्री बाजही तिथेच पडते. समोर गॅलरी आली की हे सगळं हळूहळू थांबतं. बायका आत जातात, अंगणात मोटारसायकल तेवढी उरते.

म्हणून आडोसा हवा, तो जिवंत हवा, आणि अरुंद प्लॉटावर तो अरुंद, उंच, बारमाही हिरव्या झाडांचाच शक्य आहे. परभणीच्या काळ्या मातीत आणि परभणीच्या उन्हात हे काम सर्वांत चोख करणारं झाड म्हणजे उभा अशोक. बंगल्यांच्या आणि शाळांच्या कंपाउंडला सरळसोट उभा दिसतो, तोच. त्याच्या विरोधात बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यातले काही मनापासून बोलतात. त्यांचे आक्षेप एकेक करून घेतो.

पहिला आक्षेप नीतीचा आहे. आडोसा म्हणजे पडदा, आणि पडदा म्हणजे मागासलेपण. शेजाऱ्यापासून लपायचं कशाला? हे ऐकायला उदार वाटतं. पण आपले जुने वाडे आठवा. रस्त्याच्या बाजूला उंच भिंत, दारातच ढाळज, आल्यागेल्याची उठबस तिथे, आणि चौक आत. शेजारधर्म त्या वाड्यांच्या काळात कमी नव्हता. कुणाला कुठवर येऊ द्यायचं हे घर ठरवत होतं, म्हणून आतल्या माणसाला मोकळं वागता येत होतं. आज ज्या बाईला स्वतःच्या अंगणात दुपारी पाय पसरून बसता येत नाही, तिला मोकळेपणाचे धडे देण्याचा अधिकार गॅलरीतल्या माणसाला नाही. पडदा तिच्यावर दुसरे लादतात. आडोसा तिने स्वतःसाठी उभा केलेला असतो.

दुसरा आक्षेप हिशेबी आहे: भिंत बांधा, काम एकदाचं संपेल. इथे हिशेबच मांडून पाहू. वरच्या मजल्यावर उभ्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण पंधरा फुटांवर असते. गॅलरी हद्दीपासून पाच फुटांवर आणि मधली भिंत सहा फुटांची धरली, तर भिंतीमागची फार तर साडेतीन फुटांची पट्टी झाकली जाते. बाकी अंगण उघडंच राहतं. झाकायचं तर पंधरा-सोळा फूट उंची लागते. तेवढी भिंत बांधायला बांधकामाचे नियम परवानगी देत नाहीत, आणि दिली तरी परभणीत ती बांधू नये. मे महिन्यात दिवसभर तापलेली वीट रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते. पत्र्याची आणि हिरव्या जाळीची गत तर सगळ्यांना माहीत आहे. वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात पत्रा वाजायला लागतो, जाळी दोन-तीन उन्हाळ्यांत चिंध्या होऊन लोंबते. झाड मात्र पानांतून पाणी सोडून भोवतालची हवा थंड करतं आणि वर्षागणिक दाट होतं.

तिसरा आक्षेप वृक्षप्रेमींचा आहे, त्यांचं मी आदराने ऐकतो. ते म्हणतात, अशोक कसला लावता, कडुनिंब लावा, आंबा लावा, चिंच लावा. जागा असेल तिथे जरूर लावा. शेताच्या बांधावर, शाळेच्या मैदानात, रस्त्याच्या कडेला लिंबासारखं झाड नाही. पण पाच फुटांच्या मोकळ्या पट्टीत लिंब लावला तर वीस वर्षांत त्याचा घेर दोन्ही घरांच्या छतांवर जातो. शिवाय डोळ्याच्या उंचीला उरतो नुसता बुंधा, आणि हिवाळा सरताना त्याची पानंही झडतात. सावली देण्याचं काम वेगळं आणि आडोसा करण्याचं वेगळं. सीतेचा अशोक पसरट आणि सावकाश वाढणारा आहे, त्याला ओलसर सावली मानवते. उघड्या प्लॉटावर मराठवाड्याच्या उन्हात त्याचे हाल होतात. सुरू रेताड किनाऱ्याचा, पाणी धरून ठेवणाऱ्या भारी जमिनीत तो रमत नाही. मोरपंखी देखणी आहे, पण संथ वाढते आणि बुटकी राहते.

याच मंडळींचं आणखी एक म्हणणं असतं: उभा अशोक परदेशी, निरुपयोगी, त्यावर चिमणीसुद्धा बसत नाही. यातली एकही गोष्ट खरी नाही. हे झाड दक्षिण भारत आणि श्रीलंकेचं आहे. इंग्रजांनी त्याला डोलकाठीचं झाड म्हटलं ते त्याच्या सरळ बुंध्यामुळे. वसंतात त्याला फिकट हिरव्या, चांदणीसारख्या फुलांचे घोस येतात. पानांच्या रंगात मिसळून जातात म्हणून खालून जाणाऱ्याला ते दिसत नाहीत, इतकंच. पावसाळ्याच्या सुमारास काळीजांभळी फळं धरतात. ती खायला दिवसा कोकीळ येतो आणि रात्री वटवाघळं. हिरव्या ठिपक्यांचं, शेपटीवालं एक चपळ फुलपाखरू याच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतं, त्याच्या अळ्या ही पानं खाऊन वाढतात. आंब्याचा टाळा मिळाला नाही तर दाराच्या तोरणाला याचीच पानं जातात. ज्याला हे झाड मुकं वाटतं, त्याने जूनमध्ये एक सकाळ त्याच्याखाली उभं राहावं.

आता ज्याच्याशी माझं खरं भांडण आहे तो पक्ष. तो म्हणतो, अशोक सावकाश वाढतो, कोनोकार्पस लावा, दोन वर्षांत भिंत तयार. रोपवाटिकांनी हे खूप खपवलं. राज्यभर रस्त्यांच्या दुभाजकांत आणि बंगल्यांच्या कडेला ते दिसतं. या झाडाची एक जात अमेरिकेच्या खारफुटी किनाऱ्यांची, दुसरी सोमालिया-येमेनच्या बाजूची. वाळवंटात झटपट हिरवळ हवी म्हणून आखाती देशांनी ते लाखोंनी लावलं, आणि पाण्याच्या शोधात त्याची मुळं नळांत आणि गटारांत शिरू लागल्यावर तिथेच त्याविरुद्ध ओरड सुरू झाली. तेलंगणाने त्याची लागवड थांबवली. गुजरातच्या वनखात्याने 2023 मध्ये मनाई केली. फुलोऱ्याच्या काळात परागांमुळे सर्दी, खोकला, दम्याचा त्रास होतो, हे त्यातलं एक मुख्य कारण. जिथे उन्हाळ्यात नळाच्या पाण्याची वाट पाहावी लागते, त्या परभणीत पाइप शोधत जाणारं झाड आपल्या हाताने लावणं हा अविचार आहे. घाई हे एकच त्याचं भांडवल. नीट जोपासलेला अशोक चार-पाच वर्षांत कामापुरता आडोसा देतो, आणि ज्या घरात तीस-चाळीस वर्षं राहायचं त्याच्यासाठी तेवढं थांबता येतं.

साप येतात, हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. साप येतो उंदरांमागे, आणि उंदीर राहतात विटांच्या ढिगात, अडगळीत, कुजलेल्या पाल्यात. बुडाशी फूट-दीड फूट फांद्या छाटून जमीन उघडी ठेवली की ती अडचण मिटते. भिंतीला तडे जाण्याची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा देऊन आकसते. पाया मुळात त्यामुळेच हलतो, आणि पायालगतचं कुठलंही झाड ओल शोषून आकसणं वाढवतं. म्हणून ओळ हद्दीकडे धरावी आणि पायापासून निदान पाच-सहा फूट ठेवावी. तेवढीही जागा नसेल त्या बाजूला मेंदी लावावी, अशोक नको.

एक दावा आपल्याच बाजूचे लोक करतात, तोही खोडला पाहिजे. अशोकाची ओळ रस्त्याचा आवाज अडवते असं सांगून रोपं विकली जातात. एका ओळीने आवाज फारसा कमी होत नाही. धूळ थोडी अडते, नजर पूर्ण अडते.

त्याहून मोठा लाभ उन्हाचा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. परभणी साधारण सव्वाएकोणीस अक्षांशावर. मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा झाडाची सावली बुडाशीच राहते. खरा जाच दुपारी तीननंतर, पश्चिमेच्या भिंतीवर येणाऱ्या तिरप्या उन्हाचा. ते अडवायला छत किंवा सज्जा पुरत नाही, उभा पडदा लागतो. केळीच्या बागेला पश्चिमेकडून शेवरीची दाट ओळ लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही. उष्ण वारा आणि ऊन कुठून येतं ते तो जाणतो. घरालाही तोच न्याय लावा. एकाच बाजूला लावणं परवडत असेल तर ती बाजू पश्चिमेची असू द्या.

इंग्लंडात अशा उंच सदाहरित कुंपणांवरून शेजाऱ्यांत इतकी भांडणं झाली की 2003 च्या कायद्यात दोन मीटरवरच्या कुंपणांसाठी तक्रारीची सोय करावी लागली. तो दाखला इथे देणाऱ्यांनी सूर्याची उंची पाहावी. डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये भर दुपारी पंचवीस फुटी झाडाची सावली नव्वद फुटांवर जाते. परभणीत तीच तेवीस फूट पडते. पण त्या भांडणातला शेजाऱ्याचा हक्क मला मान्य आहे. हिवाळ्यात सावली उत्तरेला पडते, आणि उत्तरेच्या घराला कोवळं ऊन हवं असतं. त्या हद्दीवर ओळ लावायची तर आधी शेजाऱ्याला विचारावं, दोन झाडांत जास्त अंतर सोडावं.

बाकी काम साधं आहे. मृगाचा चांगला पाऊस झाला की दोन-दोन फुटांचे खड्डे, पाच फुटांच्या अंतराने. तळाशी मुरूम, वर शेणखत आणि गाळलेली माती. पिशवीत वेटोळी झालेल्या मुळांचं आठ फुटी रोप घेऊ नये, ते पुढे वाऱ्यात कलतं. दोन-तीन फुटांचं घ्यावं. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवायचं नाही, न्हाणीचं सांडपाणी वळवलं तरी चालतं. आणि वर वीज मंडळाची तार असेल तिथे लावू नये. दर पावसाळ्याआधी तारांसाठी शेंडे तोडले जातात, मग झाड बाजूला फुटून बेढब होतं. पुढे काढून टाकायचं म्हटलं तर शहरी हद्दीत 1975 च्या झाडांच्या कायद्याने स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. महापालिकेने नव्या लेआउटला मंजुरी देतानाच तारा एका बाजूने आणि झाडांची पट्टी दुसऱ्या बाजूने आखून घेतली, तर यातली निम्मी तोड टळेल.