बंदर आले, वाटा कुणाला मिळाला?



या सदरात आपण एरवी बियाणे, खते, कीड-रोग आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. आज विषय थोडा निराळा आहे. सध्या गावोगावी रस्ता येणार, बंदर येणार, नवे शहर होणार अशी बोलणी ऐकू येतात. विकास हवाच, त्याला कोणी नाही म्हणत नाही. पण शेतात रास पडली की आपण आधी वाटणी ठरवतो : मालकाचे किती, वाटेकऱ्याचे किती, बलुत्याचे किती. तोच हिशेब विकासाच्या राशीलाही लावला पाहिजे. त्यासाठी आपल्याच राज्यातले एक उदाहरण घेऊ. ते म्हणजे उरण तालुक्यातील न्हावा शेवा.

हे नाव द्राक्षबागायतदारांना सांगायला नको. निफाड-दिंडोरीची द्राक्षे थंड कंटेनरात भरून परदेशी निघतात, ती मुख्यतः याच बंदरातून. नाशिकचा कांदाही येथूनच बोटीवर चढतो. मुंबई बंदरावरचा ताण कमी करण्यासाठी हे बंदर बांधले गेले आणि २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव आहे. वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजले तर २०२४-२५ या एका वर्षात तेथे ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले गेले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा सागरी पूलही खुला झाला. म्हणजे या बंदराचा फायदा तुम्हां-आम्हांला झालाच आहे. आता त्याची किंमत कोणी मोजली ते पाहू.

बंदरापूर्वी न्हावे आणि शेवे ही खाडीकाठची गावे होती. आगरी शेतकरी खारजमिनीत भात पिकवीत. समुद्राचे पाणी आत शिरू नये म्हणून बांध घालायचा, उघाडी राखायची, खांड पडली तर सारा गाव मिळून बुजवायची, अशी ती शेती. जवळपास मिठागरे होती. कोळी बांधव खाडीत मासेमारी करीत. भात निघाल्यावर शेतकरीही खाडीवर जाई. निवट्या, खेकडे, कोलंबी मिळे. पैसा फार खेळत नव्हता, पण घरात भात आणि कालवणाला मासळी असे.

या मुलखातील कुळांना जमीन सहजासहजी मिळालेली नव्हती. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे १९३३ पासून सहा-सात वर्षे शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला. जमिनी पडीक ठेवल्या, हाल सोसले, पण मागे हटले नाहीत. नारायण नागू पाटील यांनी तो लढा चालवला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. पुढे १९४८ चा कूळ कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कसणारा कूळ कायद्याने मालक ठरला. त्यानंतर तेरा वर्षांनी, म्हणजे मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. आजोबाने खोताकडून सोडवलेली जमीन नातवाच्या हाती येण्याआधीच निघून चालली.

तेव्हा संपादन होई ते इंग्रजांच्या १८९४ च्या कायद्याने. जमिनीचा भाव ठरे तो भातशेतीचा. त्या जमिनीवर बंदर, कारखाने आणि इमारती उभ्या राहिल्यावर तिची जी किंमत होणार, तिच्यात शेतकऱ्याचा वाटा नव्हता. शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली हेच सांगितले : आमची जमीन भाताच्या भावाने घ्याल आणि शहराच्या भावाने विकाल, तर मधला फरक कोणाचा? १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले.

त्या बलिदानातून पुढे एक तत्त्व उभे राहिले. १९९० साली साडेबारा टक्के योजना आली. जेवढी जमीन गेली तिच्या साडेबारा टक्के एवढी विकसित जमीन मूळ शेतकऱ्याला परत द्यायची, अशी ही योजना. विकासाच्या किमतीत जमीन देणाऱ्याचा वाटा असतो, ही गोष्ट त्यातून मान्य झाली, आणि ती मोठी होती. पण मान्य होणे आणि पदरात पडणे यांत फार अंतर असते. बंदरासाठी जमिनी दिलेल्यांचा साडेबारा टक्क्यांचा प्रश्न इतका लांबला, की प्रकल्पग्रस्तांना त्याची इरादापत्रे पंतप्रधानांच्या हस्ते मिळाली ती १६ ऑगस्ट २०१४ रोजी. बंदर सुरू होऊन तोवर पंचवीस वर्षे झाली होती. ज्यांच्या नावाने जमीन होती, त्यांतले कितीतरी जण तेव्हा हयात नव्हते.

आता या योजनेचा हिशेब गुंठ्यांत करून पाहा. एका एकराचे ४० गुंठे. त्यांचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून ३० टक्के जमीन सार्वजनिक सोयींसाठी वजा होते. उरतात साडेतीन गुंठे. ज्याचे दहा एकर गेले, त्याच्या वाट्याला येतात ३५ गुंठे. शहरात ही मोठी दौलत झाली. ज्याचे दहा गुंठे गेले, त्याच्या वाट्याला एक गुंठासुद्धा येत नाही. आणि ज्याची जमीनच नव्हती, पण पोट त्याच शिवारावर होते, त्याला शून्य.

मंडळी, विषमता कशी वाढते ते येथे दिसते. टक्केवारी सर्वांना सारखीच होती. पण आधीची उंचसखल जमीन तशीच राहिली आणि वरून पाणी सोडले, तर ते सखल भागात साचते व उंचवटा कोरडाच राहतो, हे पाटाचे पाणी देणाऱ्याला सांगायला नको. शेतमजूर, मिठागरावरचा कामगार, खाडीवर जगणारा कोळी, कातकरी बांधव यांच्या नावे सातबारा नव्हता. खाडीचा सातबारा कोणाच्याच नावे नसतो. त्यामुळे खाडी बुजली तरी कागदोपत्री कोणाचे काही गेले नाही. शेवे गावचे लोक दोन जागी वसवले गेले, नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा. हनुमान कोळीवाड्यातील घरांना वाळवी लागली आणि नव्या पुनर्वसनासाठी तेथील कुटुंबांना कित्येक वर्षे झगडावे लागले.

नोकऱ्यांचे काय, असे तुम्ही विचाराल. बंदर मोठे असले तरी कंटेनरचे काम क्रेनवर चालते. एका यंत्रावर एक शिकलेला माणूस लागतो; पाटी उचलणारे शंभर हात लागत नाहीत. ज्या घरात मुले शिकलेली होती, त्या घराला बंदराचा दरवाजा थोडाफार उघडला. ज्या घरातला मुलगा आठवीनंतर होडीवर गेला होता, त्याला बाहेर उभे राहावे लागले.

अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९५५ साली असे मांडले की, शेतीप्रधान देश उद्योगाकडे वळतो तेव्हा आधी विषमता वाढते आणि पुढे ती कमी होऊ लागते. पुष्कळांनी याचा अर्थ 'धीर धरा, आपोआप सारे ठीक होईल' असा घेतला. पण या मांडणीत माहिती थोडी आणि अंदाज फार, हे स्वतः कुझ्नेट्स यांनीच सांगून ठेवले होते. तण आपोआप कमी होत नाही, खुरपावे लागते. उरणकडे जे काही परत आले, तेही आपोआप आले नाही.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण पुण्याजवळ हडपसरला आहे. तेथील मगर मंडळींच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपासची जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि मगरपट्टा हे शहर उभारले. जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकाला भाग मिळाले. जमीन देणाराच विकासात भागीदार झाला. अर्थात तेथे बहुतेक मंडळी एका भाऊबंदकीतली, पुणे शहर दाराशी आणि एकी टिकलेली. सर्वत्र तसे जमेलच असे नाही. आणि भूमिहीनांचा प्रश्न अशा योजनेतही वेगळा विचारावाच लागतो.

आज हा विषय काढण्याचे कारण असे की, पालघर जिल्ह्यात वाढवण येथे नव्या बंदराची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजी बसली. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी नव्या शहराची अधिसूचना निघाली. उद्या तुमच्या गावाची पाळी येऊ शकते. तेव्हा प्रकल्पाला पाठिंबा द्यायचा की विरोध करायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण पुढील कामे आजच करून ठेवावीत.

पहिले, सातबारा, आठ-अ आणि फेरफार पाहून घ्या. वडील वारून दहा वर्षे झाली तरी वारसनोंद नाही, अशी घरे गावोगाव आहेत. मोबदला नोंदीप्रमाणे मिळतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी. विहीर, झाडे, गोठा यांचीही नोंद तपासा.

दुसरे, बहिणीचा हक्क विसरू नका. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. भगिनींनो, हक्कसोडपत्र वाचल्याशिवाय आणि घरी विचार केल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका.

तिसरे, नोटीस आली की संपादन कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी विचारा, कारण मुदती निरनिराळ्या असतात. १ जानेवारी २०१४ पासून लागू असलेल्या नव्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांत हरकत घेता येते. भाव मान्य नसेल तर रक्कम हरकत राखून स्वीकारावी आणि मुदतीत दाद मागावी.

चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे : या कायद्यात केवळ जमीनमालक प्रकल्पग्रस्त नाही. संपादनापूर्वी तीन वर्षे ज्यांचे पोट मुख्यतः त्या जमिनीवर होते ते शेतमजूर, कुळे, वाटेकरी, कारागीर, तसेच पाण्यावर जगणारे मच्छीमारही त्यात येतात. पण हे सिद्ध करावे लागते. म्हणून गावाने ग्रामसभेत अशा सर्व कुटुंबांची यादी करून ठरावात नोंदवावी. सातबारावाल्यांनी यात पुढाकार घ्यावा. तुमच्या बांधावर पिढ्यान् पिढ्या राबलेल्यांचे एवढे देणे आपण लागतोच. शिवाय सारा गाव एका बाजूला उभा राहिला तर तुमचाही आवाज मोठा होतो.

पाचवे, पैसा आला तर आधी मुलांच्या, विशेषतः मुलींच्या शिक्षणाला आणि थोड्या का होईना दुसऱ्या जमिनीला लावा. मोटार आणि मांडव यांत गेलेला पैसा परत येत नाही. बसून खाल्ले तर कुबेराचाही खजिना सरतो.

या विषयावर ग्रामसभेत बोला, घरी जेवताना बोला. तुमच्या गावात संपादनाचा अनुभव आला असेल तर आम्हांला जरूर कळवा. पुढील अंकात आपण पुन्हा शेतात जाऊ आणि खारजमिनीतील भाताच्या जातींविषयी बोलू.