घर-शिवार : माशांची जडीबुटी

परतवाड्याच्या आमच्या एक वाचक ताई मागच्या आठवड्यात भेटल्या. त्यांच्या बचत गटाने संत्र्याच्या बागेतले शेततळे भाड्याने घेऊन त्यात रोहू, कटला आणि मृगळ सोडला आहे. मासे खात नाहीत, काहींच्या अंगावर लाल डाग दिसतात, ही त्यांची काळजी. कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी मोहाच्या ढेपेची दोन पोती आणून ठेवली होती. "भाऊ, हे झाडाचंच आहे ना? मंग माशाईले टाकलं तं काय होते?"

बरे झाले, विचारून टाकणार होत्या. मोहाच्या ढेपेत सॅपोनिन हे द्रव्य असते. ते कल्ल्यांतून शिरून रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते आणि मासा मरतो. तळ्यातले नको असलेले मासे मारायला हीच ढेप वापरतात. हेक्टरभर पाण्याची खोली 1 मीटर असेल तर 2500 किलो, आणि त्यानंतर दोन-तीन आठवडे बीज सोडायचे नाही. मेळघाटच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला मोह म्हणजे घरचे झाड, पण माशाला ते विषच. कडुनिंबाचा दाट अर्कही तसाच. झाडपाला म्हणजे निर्धोक, हा आपला गोड गैरसमज आहे.

मग उपयोगाचे काय? लसूण, हळद आणि आघाडा. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रोहूच्या खाद्यात किलोमागे 1 ते 10 ग्रॅम लसूण घालून पाहिला. पुढे रोगजंतू टोचल्यावर लसूण खाल्लेले मासे जास्त वाचले. त्यांचा हा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. हळदीवरही असेच काम झाले आहे. आपल्या धुऱ्यावर उगवणारा आघाडा, ज्याची काडी म्हातारी माणसे दातांना घासत, त्याचे बी किलोमागे 5 ग्रॅम दिल्यावर कटल्याची प्रतिकारशक्ती वाढल्याचे दिसले. मात्र हे प्रयोग टाक्यांतले आहेत. उघड्या तळ्यात तितकाच गुण येईल असे मी लिहून देणार नाही. शिवाय गुण यायला काही आठवडे लागतात. म्हणून आजार दिसल्यावर धावपळ करण्यापेक्षा थंडी पडण्याआधीच सुरुवात करावी.

कृती सोपी आहे. 10 किलो खाद्याला 50 ग्रॅम लसूण बारीक वाटावा, थोड्या भाताच्या पेजेत कालवून कोंडा आणि भुईमुगाच्या ढेपेत मळावा, गोळे सावलीत सुकवावेत. पेज नसली तर लसूण पाण्यातच विरघळून जातो. खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा 2 ते 3 एवढेच, छिद्रे पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगावे. दुसऱ्या दिवशी पोत्यात उरले तर कमी करावे. दुप्पट लसूण घातला म्हणजे दुप्पट गुण, असे नसते.

ताईंना मी आधी वेगळेच विचारले. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात का? म्हणाल्या, "हो, रोजच." मग तो प्राणवायूचा तुटवडा आहे, तिथे लसूण काही करणार नाही. खाद्य थांबवा, पंपाने पाणी उंचावरून तळ्यात पाडा, आणि बागेत फवारणी झाली असेल तर तिकडचे पाणी तळ्यात उतरू देऊ नका. लाल डागांसाठी दोन जिवंत मासे पाण्यासकट मत्स्य विभागाच्या माणसाला दाखवा. 1988 साली ईशान्येकडून आपल्या देशात शिरलेला व्रणरोगही लाल डागांनीच सुरू होतो. तो बुरशीचा रोग आहे, थंडीत बळावतो, आणि डोळ्यांनी बघून नक्की सांगता येत नाही. दुकानदाराच्या सांगण्यावरून प्रतिजैविके टाकू नका.

निघताना ताईंनी विचारले, "अन् त्या दोन पोत्याईचं काय करू?" तळ्याकडे उतार नसलेल्या संत्र्यांच्या बुंध्याशी खत म्हणून घाला, म्हटले. तोवर पोती कोरडी ठेवा, लेकरांना आणि गुरांना लागू देऊ नका.