मोटारींतील रडार व कॅमेरा आणि आपल्या उंसाच्या गाड्या

हल्लीं नव्या मोटारींची विक्री करतांना असें सांगण्यांत येतें कीं, पुढें अडथळा आला असतां गाडी तो स्वतः ओळखते व चालकाच्या अगोदर ब्रेक लावते. हें काम पुष्कळ गाड्यांत रडार व कॅमेरा यांच्या जोडीनें चालतें. आणि कांहीं कंपन्यांनीं तर हीं दोन्ही साधनें एका लहानशा पेटींत बसवून ती पुढील कांचेच्या आंत लावली आहे. शेतकीच्या मासिकांत या विषयाचें काय प्रयोजन, असा प्रश्न कोणी करील. प्रयोजन इतकेंच कीं, ज्या रस्त्यावर या मोटारी धांवतात त्याच रस्त्यावर गळिताच्या हंगामांत रात्रभर आपल्या उंसाच्या बैलगाड्या व ट्रॉल्या चालतात. आणि मोटार वेळेवर थांबली नाहीं तर तिच्यापुढें सांपडतात तीं आपलींच माणसें व जनावरें.

प्रथम या दोन साधनांचा स्वभाव पाहूं. मोटारींतील रडार सुमारें ४ मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी पुढें सोडतें व त्यांचा परत आलेला अंश टिपतें. परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघतें, आणि लहरीच्या कंपनांत पडलेल्या फरकावरून पुढील वस्तूची गति निघते. अंधार, धुकें किंवा धुरळा यांनीं त्याचें फारसें अडत नाहीं. परंतु पुढें आहे तें काय, हें त्यास नीट सांगतां येत नाहीं. कॅमेऱ्याचें याच्या उलट. रस्त्याची पांढरी रेघ, माणूस, बैल, मालमोटार यांतील भेद तो जाणतो. पण गडद अंधार, दाट धुकें किंवा समोरून येणारा प्रखर दिवा यांपुढें त्याची मति कुंठित होते, आणि अंतराचा अंदाजही त्याला रडाराइतका नेमका येत नाहीं.

महसूल खात्यांत जमिनीचा तंटा निघाला म्हणजे एकटी मोजणी किंवा एकटी पीकपाहणी पुरी पडत नसे. मोजणीची साखळी अंतर बरोबर सांगते, पण शेतांत ज्वारी उभी आहे कीं जमीन पडीक आहे हें तिला कळत नाहीं. पाहणी करणारा पीक ओळखतो, पण नुसत्या नजरेनें आठ गुंठ्यांचे दहा गुंठे सांगून मोकळा होतो. दोन्ही कागद जुळले म्हणजे नोंद पक्की. रडार व कॅमेरा यांची जोडी याच न्यायानें चांगली, असें माझें मत आहे. २०२१ सालीं अमेरिकेंत टेस्ला कंपनीनें आपल्या कांहीं गाड्यांतून रडार काढून केवळ कॅमेऱ्यांवर भिस्त ठेविली. आपल्याकडील पहांटेचें धुकें, पाचटाचा धूर आणि कच्च्या वाटांचा धुरळा पाहतां हा कित्ता आपण गिरवूं नये.

आतां एका पेटीविषयीं. डेल्फी कंपनीनें असा जोडसंच तयार केला व २०१५ सालीं बाजारांत आलेल्या व्होल्व्होच्या एक्ससी ९० या मोटारींत कांचेमागें अशीच जोडी बसली. दोन्ही साधनें एकाच चौकटींत घट्ट असल्यानें त्यांचा परस्परांशीं मेळ ढळत नाहीं, तारांचें जाळें कमी होतें, आणि रडार बंपरावरील चिखलापासून व धक्क्यांपासून दूर राहतें. दोष असा कीं, दोघांची नजर एकाच कांचेंतून जाते. ती कांच फुटून नवी बसविली आणि पेटीचा रोंख पुन्हां काटेकोरपणें जुळविला नाहीं, तर दोन्ही साक्षीदार एकदमच वांकडी साक्ष देतील. म्हणून तालुक्याच्या गांवीं हें जुळवून देणारा जाणता कारागीर असल्यावांचून ही सोय पुरी झाली असें म्हणतां येणार नाहीं.

याहून मोठा प्रश्न निकालाचा आहे. १८ मार्च २०१८ रोजीं अमेरिकेंत टेम्पी या शहरीं उबर कंपनीच्या स्वयंचलित मोटारीच्या चाचणींत, रात्रीं सायकल हातीं धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री मरण पावली. त्या गाडीवर रडार व कॅमेरेच नव्हे, तर प्रकाशकिरणांनीं अंतर मोजणारें तिसरें साधनही होतें. चौकशींत असें निघालें कीं, धडकेपूर्वीं ५.६ सेकंद गाडीच्या यंत्रणेस कांहींतरी दिसलें होतें. परंतु तें वाहन, अन्य वस्तु कीं सायकल, याविषयीं ती वारंवार मत बदलीत राहिली. पाहणी झाली, पण नोंद वेळेवर झाली नाहीं! जें यंत्र सायकल धरून चालणाऱ्या माणसापाशीं गोंधळलें, तें उंसाचा डोंगर लादलेली, मागें दिवा नसलेली बैलगाडी पाहून काय ठरवील?

ही शंका निराधार नाहीं. रस्त्याकडेचे कठडे व फलक यांना भिऊन गाडीनें उगाच ब्रेक लावूं नये म्हणून पुष्कळ रडारांना स्थिर वस्तु सोडून देण्यास शिकविलेलें असतें; आणि मंद चालणारी बैलगाडी स्थिर वस्तूहून फारशी निराळी नसते. शिवाय लांकूड लोखंडाइतकी लहर परत देत नाहीं. ताशीं ८० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदास २२ मीटर जाते. तेव्हां शंका फेडण्यास सवड ती किती!

युरोपीय संघानें जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीस स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला आहे. आपल्या केंद्र सरकारनेंही २०२५ सालीं बसगाड्या व मालमोटारींसाठीं अशा नियमाचा मसुदा प्रसिद्ध केला. चाकणच्या कारखान्यांतून तर २०२१ सालींच रडार व कॅमेरा असलेल्या मोटारी निघूं लागल्या. मग त्यांची परीक्षा आपल्या रस्त्यांवरील वाहनांसमोर कां होऊं नये? पुण्यास ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारखी संस्था असतां, ऐन हंगामांत रात्रीं बैलगाडी व भरलेली ट्रॉली पुढें ठेवून चाचणी घ्यावी, अशी मागणी आपल्या संघांनीं व साखर कारखान्यांनीं एकमुखानें केली पाहिजे. तीन धातूचे पत्रे काटकोनांत जोडून केलेला कोपरा लहर आली त्याच दिशेस परत पाठवितो. लांकडी होड्या जहाजांच्या रडारास दिसाव्या म्हणून हीच युक्ति समुद्रावर करतात. ती बैलगाडीस लावून कितपत उपयोग होतो, हेंही त्याच चाचणींत पाहावें.

तोंवर आपण हात जोडून बसावें असें मात्र नाहीं. परावर्तक पट्टी कॅमेऱ्यास दिसते, तशीच यंत्र नसलेल्या मोटारीच्या चालकासही दिसते. प्रत्येक बागाईतदारानें आपल्या ट्रॉलीच्या मागें व बैलगाडीच्या साट्यास ती लावावी, उंसाच्या मोळ्यांखालीं ती झांकली जाऊं देऊं नये, मागें तांबडा दिवा ठेवावा, आणि चाक निखळलेली गाडी रात्रीं डांबरी रस्त्यावर सोडून जाऊं नये. मोटार आपल्याला पाहील कीं नाहीं हें कारखानदाराच्या हातीं आहे. आपण दिसावें कीं नाहीं हें आपल्या हातीं आहे.

— एक निवृत्त महसुली कारकून